विम्याचा पैसा आणि घरातला वाद : कुठे किती खर्च येतो

पॉलिसीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटात साड्यांच्या तळाशी, आणि कागदाला डांबराच्या गोळ्यांचा वास. गेल्या पावसाळ्यात संगमेश्वर तालुक्यातल्या एका घरी मी तो कागद उलगडला तेव्हा ओटीवर सासू आणि सून एकमेकींकडे न बघता बसल्या होत्या. वारलेला मुलगा मुंबईत नोकरीला होता. चोविसाव्या वर्षी त्याने पॉलिसी काढली, तेव्हा लग्न झालेलं नव्हतं म्हणून नॉमिनीच्या रकान्यात आईचं नाव घातलं. एकतिसाव्या वर्षी लग्न झालं, मग मुलगी झाली. हप्ता एकही चुकला नाही, पण तो रकाना तसाच राहिला. आता सून म्हणत होती, "बायको मी आहे, पैसा माझ्या पोरीचा आहे." सासू म्हणत होती, "त्याने स्वतःच्या हाताने माझं नाव लिहिलंय." मग दोघींनी मला एकच प्रश्न विचारला. कोर्टात गेलं तर किती लागतील?

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी एक गोष्ट विचारावी लागते, ती म्हणजे भांडण कोणाशी आहे. विमा कंपनी पैसे देत नसेल तर दाद मागणं जवळजवळ फुकट आहे. कंपनी द्यायला तयार आहे, पण घेणार कोण यावर घरात वाद असेल, तर मात्र खर्च वाढत जातो. बरीच कुटुंबं हे दोन वाद एकत्र करतात, चुकीच्या दारात वर्ष घालवतात आणि मग दुसऱ्या दाराची मुदत संपलेली असते.

नॉमिनी म्हणजे मालक का?

या विषयातला मूळ निकाल 'सरबती देवी विरुद्ध उषा देवी' हा आहे. १९६७ साली एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. प्रत्येकी दहा हजारांच्या दोन पॉलिसी होत्या आणि नॉमिनी पत्नी होती. आई आणि मुलगा आपला वाटा मागायला उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर १९८३ मध्ये आला : नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात आहे, पैसा वारसा कायद्याप्रमाणे सगळ्या वारसांचा. वीस हजार रुपयांसाठी सोळा वर्षं गेली. तुमच्या वादाचा हिशेब करताना हे दोन आकडे आधी समोर ठेवा.

२०१५ मध्ये विमा कायद्याचं कलम ३९ बदललं. आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुलं यांपैकी कुणाला नॉमिनी केलं असेल तर ती व्यक्ती त्या रकमेची लाभार्थी ठरते, असं त्यात आलं. भाऊ, पुतण्या, मित्र नॉमिनी असेल तर मात्र जुनाच नियम लागू, म्हणजे त्याने पैसे घ्यायचे आणि वारसांना द्यायचे.

एवढ्यावर वाद मिटायला हवा होता, पण मिटलेला नाही. मार्च २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे संगमेश्वरच्या या घरासारखंच प्रकरण आलं. नामनिर्देशन लग्नाआधीचं, नॉमिनी आई, मागे पत्नी आणि मूल. न्यायालयाने म्हटलं की कलम ३९ हिंदू उत्तराधिकार कायद्याला बाजूला सारत नाही, आणि आई, पत्नी, मूल यांना एकेक तृतीयांश दिला. तो निकाल रत्नागिरीच्या न्यायालयावर बंधनकारक नाही, पण वकील तो दाखवणारच. म्हणजे सासूच्या बाजूला कायद्याचं कलम आहे आणि सुनेच्या बाजूला एका उच्च न्यायालयाचा निकाल आहे. "केस शंभर टक्के आपलीच" असं दोघींपैकी कुणालाही जो सांगेल त्याच्याकडून जपून राहा.

शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे, आणि ते स्पष्ट झालं ते आपल्याच मातीतल्या प्रकरणावरून. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर मूळचे मालवणचे. त्यांच्या मागे त्यांच्या गुंतवणुकीवरून कुटुंबात खटला झाला. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नॉमिनी झाल्याने कुणी मालक होत नाही, वारसा कायदा किंवा मृत्युपत्र काय म्हणतं ते चालेल. एका घरात विमा, शेअर आणि बँकेतली ठेव असं सगळंच असेल, तर तिन्हींना एकच नियम लावू नका.

वारस कोण, हेही पुष्कळांना नीट माहीत नसतं. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गात पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात, आणि सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. वडील त्या वर्गात नाहीत. लग्न झालेली मुलगीही बरोबरीची वाटेकरी आहे. मुसलमान कुटुंबात शरियतप्रमाणे मुलंबाळं असतील तर विधवेला आठवा हिस्सा आणि आईला सहावा हिस्सा मिळतो, उरलेलं मुलामुलींत जातं. दापोली-खेडकडच्या, आखातात माणसं असलेल्या घरांनी आणखी एक लक्षात ठेवावं : मृत्यू तिकडे झाला असेल तर तिथला दाखला, त्याचं भाषांतर आणि भारतीय वकिलातीचा शिक्का हे सगळं तिथले सहकारी असतानाच करून घ्या. वर्षाने इथून पाठपुरावा करणं महाग पडतं.

पहिल्या महिन्यातला खर्च

मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली तर फी लागत नाही. उशीर झाला की आधी दंड, मग परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ग्रामपंचायतीतून किंवा नगरपरिषदेतून दाखल्याच्या सात-आठ अस्सल प्रती एकदमच घ्या. विमा, बँक, पीएफ, न्यायालय, सातबारा, प्रत्येक जण अस्सल प्रत मागतो, आणि एकेका प्रतीसाठी गावाहून तालुक्याला खेपा घालण्यातच जास्त पैसे जातात.

मग पासबुक बघा. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवन ज्योती विमा आहे, २० रुपये दिसले तर अपघाताचा सुरक्षा विमा. दोन्हींत दोन-दोन लाख मिळू शकतात. सुरक्षा विमा मात्र फक्त अपघातासाठी आहे. कंपनीत नोकरी असेल तर पीएफला जोडलेला विमा सात लाखांपर्यंत असतो. तिथला नियम विम्याच्या पॉलिसीहून वेगळा आहे : कुटुंब नसताना केलेलं नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर आपोआप रद्द ठरतं. विम्याच्या पॉलिसीत तसं होत नाही. म्हणून तर वाद होतात.

दावा दाखल करायला कंपनी काहीही फी घेत नाही. नियमांप्रमाणे चौकशीची गरज नसलेला मृत्युदावा १५ दिवसांत आणि चौकशी लागणारा ४५ दिवसांत निकाली निघायला हवा, उशीर झाला तर व्याज देणं कंपनीवर आहे. मूळ पॉलिसी सापडत नसेल तर नुकसानभरपाईचं बंधपत्र द्यावं लागतं. त्याचा मुद्रांक आता ५०० रुपयांचा आहे, शिवाय नोटरीचा खर्च. मृत्यूनंतर मिळणाऱ्या या रकमेवर प्राप्तिकर नाही. "दावा मंजूर करून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारी माणसं तेराव्याच्या आतच दारात येतात. त्यांना द्यायचं काही कारण नाही, ते जे करतात ते एक अर्ज भरण्यापलीकडे फारसं नसतं.

वाद आहे, मग पैसे थांबवायचे कसे?

इथे वेळ फार महत्त्वाचा आहे. नॉमिनीला पैसे दिले की कंपनी मोकळी होते. नंतर खर्च झालेला पैसा नॉमिनीकडून वसूल करणं हा सगळ्यात महागडा मार्ग. म्हणून ज्याला आपला हक्क आहे असं वाटतं त्याने पहिल्याच आठवड्यात पॉलिसी ज्या शाखेत आहे तिथे लेखी हरकत द्यावी. एक प्रत हातोहात देऊन शिक्का घ्यावा, दुसरी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावी. खर्च शंभराच्या आसपास.

पण नुसत्या हरकतीच्या पत्राने कंपनीला पैसे रोखून धरायची सक्ती होत नाही. त्यासाठी न्यायालयाचा मनाई हुकूम लागतो, आणि त्यासाठी दावा लावावा लागतो. परस्परविरोधी दावे आले तर विमा कायद्याच्या कलम ४७ खाली कंपनी रक्कम न्यायालयात भरू शकते. असं झालं तर घाबरू नका. पैसा सुरक्षित राहतो आणि दोन्ही बाजूंना बोलायला उसंत मिळते. घाई करून दुसऱ्याच्या हातात गेलेल्या पैशापेक्षा ते बरं.

उत्तराधिकार प्रमाणपत्र : खरा खर्च इथे

नॉमिनीच नाही, किंवा नॉमिनी आधीच वारला, किंवा वारसांत एकमत नाही, अशा वेळी कंपनी न्यायालयाचं प्रमाणपत्र मागते. लोक याला सरसकट 'वारस दाखला' म्हणतात, पण ते दोन वेगळे कागद आहेत. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो तो वारस दाखला, तो माणूस वारस आहे एवढं सांगतो. विमा, ठेवी, शेअर असा येणे पैसा वसूल करायला लागतं ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं प्रमाणपत्र. कंपनीकडून कोणता कागद हवा ते लेखी घ्या आणि मगच अर्ज टाका. पहिला काढून आणला आणि तो चालला नाही, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा वकीलपत्र भरणारी माणसं मी पाहिली आहेत.

उत्तराधिकार प्रमाणपत्राची न्यायालय फी रकमेच्या प्रमाणात असते आणि महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा ७५ हजार रुपये आहे. ही फी अर्जासोबतच जमा करावी लागते. म्हणजे विम्याचा पैसा हातात यायच्या आधीच घरातून पैसे काढावे लागतात, आणि कमावता माणूस गेलेल्या घराला तेच सगळ्यात जड जातं. यावर उपाय दोन. ज्या ठेवीला किंवा पॉलिसीला निर्विवाद नॉमिनी आहे ती या अर्जात घालूच नका, तिच्यावर उगीच फी पडते. आणि ज्या घालायच्या आहेत त्या सगळ्या एकाच अर्जात घाला, नंतर यादी वाढवायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. महिलांना मालमत्तेच्या वादात न्यायालय फी माफ करणारी राज्य सरकारची १९९४ ची अधिसूचना आहे. तुमच्या अर्जाला ती लागू पडते का, हे फी भरण्याआधी वकिलाकडून आणि न्यायालयाच्या कार्यालयातून तपासून घ्या.

फीशिवायचा खर्च कुणी आधी सांगत नाही. न्यायालय जाहीर नोटीस द्यायला सांगतं, तिचे पैसे वर्तमानपत्राला द्यावे लागतात. स्थानिक दैनिक चालेल का, ते विचारा. सगळ्या वारसांना नोटीस बजावण्याची फी वेगळी. प्रमाणपत्र देताना न्यायाधीश जामीन-बंधपत्र मागू शकतात, आणि मग ऐपतीचा जामीनदार शोधत फिरावं लागतं. भाऊबंदकीत वितुष्ट असेल तर हा जामीनदार मिळणंच कठीण होतं, त्याची सोय आधी बघा.

अर्ज कुठे करायचा, यात चाकरमान्यांची घरं हमखास चुकतात. मृत्यूच्या वेळी माणूस जिथे नेहमी राहत होता तिथलं न्यायालय लागतं. गावचं घर देवरुखला, अंत्यविधी देवरुखला, पण राहणं वीस वर्षं विरारला असेल तर अर्ज पालघर जिल्ह्यात, डोंबिवलीला असेल तर ठाणे जिल्ह्यात. रत्नागिरीत टाकलेला अर्ज परत येतो. विधवा गावी परतलेली असेल तर प्रत्येक तारखेला रात्रीची गाडी, एक दिवसाची मजुरी आणि शहरात कुणाकडे तरी उतरणं, हा हिशेब फीपेक्षा मोठा होतो. प्रकरणाचा सीएनआर क्रमांक वकिलाकडून पहिल्याच दिवशी घ्या. ई-कोर्ट्सच्या अॅपवर पुढची तारीख फुकट दिसते, आणि "तारीख होती का नव्हती" यासाठीची एक खेप वाचते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या प्रकरणांना एक दिलासा अलीकडचा आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आले. उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच तर मुंबईच्या तीनशेहून अधिक किलोमीटरांऐवजी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठता येतं. तरी मी म्हणेन की तिथवर जाऊच नये. आणि एवढं करूनही, उत्तराधिकार प्रमाणपत्राने हक्काचा शेवटचा निकाल लागत नाही. हरलेली बाजू वेगळा दिवाणी दावा लावू शकते, म्हणजे सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून.

वकिलाची फी

तिला सरकारी दर नाही. म्हणून भाव विचारायला लाजू नका. फी संपूर्ण कामाची की तारखेगणिक? टायपिंग, नोटीस, न्यायालय फी त्यात धरली की वेगळी? विरोधी बाजूने हरकत घेतली तर वाढणार किती? हे तीन प्रश्न विचारून उत्तर कागदावर घ्या, दिलेल्या पैशाची पावती घ्या. जिंकलेल्या रकमेतला टक्का फी म्हणून ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. कुणी तसं बोलत असेल तर दुसरं दार ठोठवा.

पैसेच नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. मदतीचा क्रमांक १५१००. आमच्याकडच्या बायका तिथे जायला संकोचतात, फुकटचा वकील म्हणजे दुय्यम असं त्यांना वाटतं. कृपा करून तसं समजू नका. तो कायद्याने दिलेला हक्क आहे.

तडजोड होण्यासारखी असेल तर लोकअदालत सगळ्यात स्वस्त. फी नाही, आणि चालू दावा तिथे मिटला तर भरलेली न्यायालय फीही परत मिळते. तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी वाटे पैशात, आकड्यात लिहून घ्या. "यथायोग्य वाटा" असे शब्द सहीखाली राहिले तर वाद पुन्हा उठतो.

कंपनीच पैसे देत नसेल तर

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जा. रत्नागिरीसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो, पण नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. दुसरा मार्ग रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा, मुदत दोन वर्षं. तिथली फी विम्याच्या रकमेवर नसून भरलेल्या हप्त्यांवर ठरते : पाच लाखांपर्यंत काहीच नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४००. "आजार लपवला" हे कंपनीचं नेहमीचं कारण असतं, पण पॉलिसीला तीन वर्षं उलटली असतील तर कलम ४५ प्रमाणे कंपनीला ते उकरून काढता येत नाही. सासू-सुनेचा वाटा ठरवणं मात्र लोकपालाचं काम नाही, तिथे तो वाद नेऊ नका.

मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे इथल्या मच्छीमार घरांसाठी एक वेगळी अडचण आहे. होडी बुडाली आणि देह मिळाला नाही तर मृत्यूचा दाखलाच नसतो. सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसला तर कायदा मृत्यू गृहीत धरतो, तोही न्यायालयाच्या हुकमाने. तो नेमका कधी गेला हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या प्रकरणात सांगितलं. म्हणून पॉलिसीचे हप्ते बंद करू नका, आणि अपघाताच्या दिवशीच पोलिसांत व मत्स्यव्यवसाय खात्यात नोंद, सोबतच्या खलाशांचे जबाब, हे सगळं करून ठेवा. त्याच कागदांवर पुढे मृत्यूची तारीख ठरते.

संगमेश्वरच्या त्या घरात शेवटी खटला झाला नाही. आजीने नॉमिनी म्हणून दावा केला, पैसे तिच्या खात्यात आले. त्याआधी पाचशेच्या मुद्रांकावर तीन समान वाटे लिहिले होते, सुनेच्या भावाने आणि पोलीस पाटलाने साक्षीच्या सह्या केल्या. नातीचा वाटा बँकेत तिच्या नावाने, अठरा वर्षांची होईपर्यंत, मुदतठेवीत ठेवला. मुद्रांक, नोटरी, झेरॉक्स आणि एसटीच्या चार खेपा, एवढाच खर्च. आजीचा अंगठा घेताना नोटरीने विचारलं, "कळलं ना आजी, काय लिहिलंय ते?" ती म्हणाली, "वाचून दाखव परत." त्याने पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.